बायजाबाईसाहेब, जालना तुमचं होतं

श्रीमंत महाराणी बायजाबाईसाहेब शिंदे यांच्या सेवेशी,
भोकरदनहून एका निवृत्त शिक्षिकेचा मुजरा.

हे पत्र लिहायला मला फार उशीर झाला. एकतीस वर्षं मी भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांतल्या शाळांमधून इतिहास शिकवला. पाऊस ओसरला की मुलांना असईला न्यायचं, गावाजवळच्या उंचवट्यावर उभं करायचं आणि हात लांब करून दाखवायचं : ही केळना नदी, ती जुई, ह्या अंगाने इंग्रज आले, इथे शिंद्यांच्या तोफा मांडलेल्या होत्या. तारीख पाठ करून घ्यायची, २३ सप्टेंबर १८०३. इंग्रज सेनापती वेलस्लीचं नाव घ्यायचं, तुमच्या यजमानांचं, दौलतराव शिंद्यांचं घ्यायचं, नागपूरकर रघूजी भोसल्यांचं घ्यायचं. तुमचं नाव मी एकदाही घेतलं नाही. ज्या वावरातून माझी पोरं भुईमुगाच्या शेंगा उपटून खिशात भरत होती, त्याच मुलखात तुम्ही घोड्यावर होतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

कळलं तेही एका इंग्रज बाईच्या पुस्तकातून. फॅनी पार्क्स नावाची ही बाई १८३५ साली तुम्हाला फतेहगडला तंबूत भेटली होती. तिचं प्रवासवर्णन १८५० मध्ये लंडनला छापून आलं. तिने लिहून ठेवलं आहे की वेलस्लीच्या फौजेशी गाठ पडली तेव्हा तुम्ही घोड्यावर होतात, हातात भाला होता आणि कडेवर तान्हं मूल होतं. ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ अंगणात बसून राहिले. एकोणीस वर्षांची पोर. आमच्याकडे ह्या वयाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असते. तिची आई तिला सव्वा महिना खोलीबाहेर पडू देत नाही.

बाईसाहेब, त्या दिवसाबद्दल मला तुमच्याशी आधी बोलायचं आहे. तुमच्या पुढच्या साठ वर्षांचं बीज मला त्या दिवसात दिसतं.

१२ ऑगस्टला अहमदनगर पडलं. २ सप्टेंबरला इंग्रजांच्या दुसऱ्या फौजेचा सेनापती स्टीव्हन्सन याने जालन्याचा किल्ला घेतला. जालना तेव्हा शिंद्यांचं होतं. आमच्या लोकांच्या हे ध्यानातच नसतं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण सगळे अभिमानाने सांगतात, पण तो पाळणा १८०३ पर्यंत शिंदे सरकारच्या दारात होता आणि त्या सरकारच्या तुम्ही धनीण होतात, हे कुणी सांगत नाही. २१ सप्टेंबरला बदनापूरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले. दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असं त्यांचं ठरलं. पण २३ला वेलस्ली नळणीजवळ आला आणि त्याला खबर लागली की मराठ्यांची छावणी अगदी जवळ, केळनेच्या पलीकडे आहे. भोकरदनपासून जाफराबादच्या दिशेने कोसच्या कोस पसरलेली ती छावणी होती. दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, हजारो घोडेस्वार, आणि त्यांच्यामागे बाजारबुणगे, बायका, लेकरं, उंट, बैल. वेलस्लीकडे प्रत्यक्ष रणात साडेचार हजार शिपाई होते. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार. पेशव्यांचे, हे मुद्दाम लिहिते. त्या दिवशी मराठे दोन्ही बाजूंना होते.

वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं की पुढे नदीला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली. इतक्या जवळची दोन गावं एकमेकांकडे येण्याजाण्याची वाट केल्याशिवाय राहणार नाहीत, असं त्याने ताडलं, आणि उतार सापडला. ही गोष्ट मी मुलांना रंगवून सांगायचे. आता सांगताना मन कडू होतं. त्या उतारावरून रोज डोक्यावर पाटी घेऊन नदी ओलांडणारी कुठलीही बाई हे सांगू शकली असती. मग शिंद्यांच्या छावणीने तिथे चौकी का बसवली नाही? तुम्हीच सांगा, तुम्ही तिथे होतात.

तुमच्या पायदळाचा सेनापती पोलमन होता, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत सार्जंट, नंतर शिंद्यांच्या चाकरीत. त्या काळी हॅनोव्हरचा धनी आणि इंग्लंडचा राजा एकच, तिसरा जॉर्ज. १८०३ च्या उन्हाळ्यात नेपोलियनच्या फौजांनी हॅनोव्हर व्यापलं, आणि त्याच वर्षी तिथला एक माणूस केळना-जुईच्या दुआबात इंग्रजांविरुद्ध मराठी कंपूची फळी फिरवत होता. पुढे तो परत कंपनीच्या नोकरीत गेला. अशा माणसांच्या हाती दौलत सोपवली होती, ह्याचा मला राग येतो. पण फळी त्याने फिरवली ती नेमकी फिरवली, हेही खरं. दोन्ही नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्याने तोंड वळवून तोफा मांडल्या, आणि पुढच्या काही तासांत इंग्रजांचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले. एवढ्याशा फौजेत एवढी हानी. आपल्या बाजूचे बाराशेच्या वर रणात पडले. गोलंदाज तोफांजवळून हलले नाहीत. काही जण मेल्यासारखे पडून राहिले, आणि इंग्रजांची रांग पुढे सरकली की उठून त्याच तोफा मागून डागू लागले. त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठल्या दगडावर नाही. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

त्याच रणात मेरठजवळच्या सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही होत्या. तीही बाईच, स्वतःच्या जहागिरीची धनीण, एका युरोपी शिपाईगड्याची विधवा. तिच्या पलटणी सामानसुमान राखायला ठेवल्या होत्या, त्या बऱ्याचशा शाबूत निघून गेल्या. आमच्या असईच्या मातीवर एका दिवशी दोन बाईमाणसांची सत्ता उभी होती, एक प्रत्यक्ष घोड्यावर आणि एक आपल्या फौजेच्या रूपाने. हे मी एकतीस वर्षांत एकदा जरी सांगितलं असतं, तर वर्गातल्या मुलींचे चेहरे कसे झाले असते, हा विचार मला झोपू देत नाही.

वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लू जिंकून आल्यावर म्हातारपणी कुणीतरी त्याला विचारलं की रणात तुमच्या हातून सर्वांत उत्तम काय घडलं, तर तो ‘असई’ म्हणाला. मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही हत्ती आहे, तो असईचा हत्ती. आमच्या गावाचं नाव स्कॉटलंडच्या पलटणींच्या निशाणावर गेलं. गावातल्या कुणाला ते वाचायला मिळालं नाही.

३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावला तह झाला. त्याच्या चौथ्या कलमात अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा शिंद्यांचा सगळा मुलूख सोडून दिला आहे, आणि त्यात नाव घेऊन लिहिलं आहे : जालनापूरचा किल्ला आणि परगणा, गांडापूर शहर आणि परगणा. पुढे आम्ही निजामाकडे गेलो, ते १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत. आमच्या आजोबांनी उर्दूत सारा भरला, आमच्या वडिलांनी उर्दूत शाळा शिकली. ह्या सगळ्याची सुरुवात त्या एका कलमात आहे. तुमच्या लग्नाला तेव्हा जेमतेम सहा वर्षं होत आली होती.

त्या लग्नाबद्दल मला स्पष्ट बोलू द्या. तुम्ही कागलच्या घाटग्यांच्या. जन्म १७८४. वडील सखाराम घाटगे सर्जेराव, आई सुंदराबाई. १७९८ च्या फेब्रुवारीत पुण्यात तुमचं लग्न दौलतरावांशी झालं, तेव्हा तुम्ही चौदा वर्षांच्या होतात. तुम्हाला त्या घरात देऊन सर्जेराव शिंद्यांचे दिवाण झाले आणि दौलतरावांच्या फौजेच्या थकलेल्या पगारासाठी त्यांनी पुणं लुटलं. सावकार, कारभारी, ब्राह्मण, कुणालाही सोडलं नाही. तापलेल्या तोफांना माणसं बांधली. पुण्यात त्यांचं नाव पुढे कितीतरी वर्षं लोकांनी शिवीसारखं वापरलं. दौलतरावांच्या आधी गादीवर असलेल्या महादजींच्या विधवांचा त्यांनी इतका अपमान केला की त्या बायकांनी फौज उभी करून दौलतरावांविरुद्ध बंड केलं.

मी तुमच्या बाजूने लिहिते आहे, बाईसाहेब, पण हे झाकून नाही लिहिणार. तुमच्या अंगावरची हळद वाळायच्या आत ज्यांच्या घरांत आकांत चालला होता, त्यांतही बायका होत्या, लेकी होत्या. चौदा वर्षांच्या मुलीवर बापाच्या पापाचा भार घालणं अन्यायाचं होईल. पण पुढे मोठ्या झाल्यावर तुमच्या मनात ते पुणं कधी आलं असेल का, असं मला सारखं वाटतं. १८०९ साली दौलतरावांच्या छावणीत, सगळ्यांच्या देखत, तुमच्या वडिलांना भाल्यांनी भोसकून मारलं. नवऱ्याच्या छावणीत बाप मारला जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच छावणीतून कूच करायचं असतं. अशा वेळी माहेर आणि सासर ह्यांच्यामधल्या जागेत उभं राहायची सवय आमच्या बायकांना असते. तुमच्यावर आला तसा प्रसंग मात्र मी कुणावर पाहिला नाही.

घाटग्यांच्या घराबद्दल एक गोष्ट मला फार बरी वाटते, ती तुमच्या कानावर घालते. कागलच्या त्याच घाटगे घराण्यात १८७४ साली एक मुलगा जन्मला, यशवंतराव. तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि राजर्षी शाहू महाराज झाला. त्यांच्या वसतिगृहांमधून कितीतरी पोरं शिकली. सर्जेरावांच्या नावाला लागलेला डाग ह्या दुसऱ्या घाटग्याने पुसला की नाही, ते मी ठरवणार नाही. पण तुम्ही ऐकायला असता, तर तुम्हाला हे ऐकून बरं वाटलं असतं. आणि तुमचा भाऊ हिंदुराव. दिल्लीच्या टेकडीवरचं त्याचं घर १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांचं मोर्चाचं ठिकाण झालं, आणि आज तिथे त्याच्या नावाचं मोठं सरकारी इस्पितळ आहे. दिल्लीत गेलेल्या आमच्याकडच्या मजुराची बायको त्या इस्पितळात बाळंत होते तेव्हा ती तुमच्या माहेरच्या नावाखाली बाळंत होत असते.

आता तुमच्या राज्याकडे येते. २१ मार्च १८२७ ला दौलतराव गेले. मुलगा नव्हता. त्याच वर्षी शिंद्यांच्या भाऊबंदांतला अकरा वर्षांचा मुकुटराव दत्तक घेतला, त्याचं नाव जनकोजीराव ठेवलं, आणि कारभार तुम्ही हाती घेतला. पुढची सहा वर्षं ग्वाल्हेर तुम्ही चालवलं. तुम्हाला पैशाचं कळत होतं. उज्जैन आणि बनारसच्या सावकारी पेढ्यांमधून तुमचा पैसा फिरत होता. बनारसला ज्ञानवापीच्या विहिरीभोवती चाळीसहून अधिक खांबांचा मंडप १८२८ साली तुम्ही बांधवलात. मणिकर्णिकेजवळ घाट बांधायला काढलात, तो आपल्याच वजनाने खचला. आजही बनारसला सिंधिया घाट म्हणून तो दाखवतात. मी तिथे गेले होते. त्या पायऱ्यांवर बसल्यावर माझ्या मनात आलं की एवढा जड घाट बांधायचं ठरवणारी बाई लहान मनाची असणं शक्य नाही.

कंपनी सरकारला मात्र तुमचं राज्य खुपत होतं. तुमचा शिक्का नको, महाराजांचा शिक्का पाहिजे, असा त्यांचा आग्रह. पत्रव्यवहार जनकोजीच्या शिक्क्याने व्हावा म्हणून त्यांनी तुमच्यावर दाब आणला. कारभार कोण चालवतंय, तिजोरी कोण सांभाळतंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कागदावर उमटणारं नाव मुलाचं हवं होतं.

इथे मला माझ्या आईचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील गेले तेव्हा माझा भाऊ बारा वर्षांचा होता. साडेसात एकर कोरडवाहू, एक विहीर, दोन बैल. आईने एकटीने ते वावर सतरा वर्षं कसलं. ज्वारी, कापूस, मग थोडी मिरची. सालगडी तिच्या हाकेला घाबरायचा. पण वारस नोंदीच्या वेळी एका कारकुनाने सातबाऱ्यावर फक्त भावाचं नाव चढवलं. आईचं नाव लागलंच नाही. पोरगं आहे ना, मग बाईचं नाव कशाला, असं तो म्हणाला. पेरणीच्या पैशासाठी बँकेत गेली की तिला कुणी ओळखत नव्हतं. सतरा वर्षं ती अंगठा उठवत होती आणि त्या अंगठ्याला किंमत नव्हती. मी शिक्षिका झाल्यावर पहिल्यांदा तिच्या नावाची नोंद व्हावी म्हणून फिरले. नोंद झाली तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. तिने उतारा हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी तिने आपलं नाव कुठे आहे ते विचारून त्यावर बोट ठेवलं, आणि ते बोट बराच वेळ उचललं नाही.

म्हणून तुमच्या शिक्क्याची हकीकत मला पुस्तकातली वाटत नाही. तुम्ही मुलाला सत्तेपासून दूर ठेवलं, त्याला जाचात ठेवलं, असं तुमच्यावर लिहिलेलं मी वाचलं. त्यात तथ्य असेलही. दत्तक आलेल्या पोराच्या जिवाचं काय होत असेल, हेही मी आई म्हणून समजू शकते. पण तुम्ही शिक्का सोडला नाहीत, ह्यासाठी मी तुम्हाला दोष देणार नाही.

१८३२ च्या डिसेंबरात कंपनीचा गव्हर्नर जनरल बेंटिंक ग्वाल्हेरला आला, तेव्हा वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळत होतं. १८३३ च्या जुलैमध्ये फौज जनकोजीच्या बाजूने उठली आणि तुम्हाला ग्वाल्हेर सोडावं लागलं. आधी धोलपूर, मग आग्रा, मग फतेहगड. भर पावसाळ्यात लेकीला, नातीला घेऊन. तुमची लेक चिमणाबाई त्याच धावपळीत आजारी पडली आणि गेली. असईच्या रणात तान्ह्या मुलासह तुम्ही तग धरलात, आणि पन्नाशीत, लढाई नसताना, नुसत्या परागंदा होण्याने वाढलेली लेक गमावलीत. मला वाटतं, तुमच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं नुकसान हेच. जालना गेलं, ग्वाल्हेर गेलं, ते पुढे कुणाच्या ना कुणाच्या हाती आलं. चिमणाबाई परत आली नाही.

आणि मग फॅनी पार्क्स तुमच्या तंबूत आली. तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचते. आईवेगळी झालेली तुमची नात तिथे होती. पार्क्सबाई तिला गजराजा साहेब म्हणतात. तुमच्या घरात लेकीबाळींनाही ‘राजा’ म्हणायची रीत होती. पुढे ग्वाल्हेरच्या विजयाराजे, वसुंधराराजे, यशोधराराजे ही नावं भारतभर झाली, तेव्हा ती रीत लोकांच्या कानावर पडली. ती नात घोड्यावर मराठी पद्धतीने, दोन्हीकडे पाय टाकून बसायची आणि तिला तिच्या बसण्याचा फार अभिमान होता. पार्क्सबाई आपल्या इंग्रजी खोगिरावर एका अंगाला दोन्ही पाय टाकून बसून आली, तेव्हा तुमच्या तंबूतल्या बायकांना हसू आवरेना. मग तिलाही तुम्ही लुगडं नेसवून मराठी खोगिरावर बसवलंत. तिला ते इतकं मोकळं वाटलं की आपल्या देशातल्या बायकांना हे एकांगी बसणं कुणी शिकवलं म्हणून ती चिडली. पुढे तुम्ही दोघींनी दोन्ही देशांतल्या बायकांच्या कायद्यांबद्दल बोलणं काढलं. तिने तिच्या देशात लग्न झालेल्या बाईच्या हाती काय उरतं ते सांगितलं, तुम्ही इथल्या विधवेचं सांगितलंत. चिखलात उभारलेल्या तंबूत, राज्य गेलेली एक राणी आणि एका गोऱ्या अधिकाऱ्याची बायको, दोघी एकमेकींना आपापली दुखणी सांगताहेत. हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदाएवढं जरी आलं तरी मला पुरे आहे.

त्यानंतर कंपनीने तुम्हाला एका ठिकाणी टिकू दिलं नाही. ग्वाल्हेरपासून जितकं दूर तितकं बरं, असा त्यांचा हिशेब. नाशिकला तुम्ही काही वर्षं काढलीत. म्हणजे गोदावरीच्या काठी. तीच गोदावरी आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडून, अंबड-घनसावंगीच्या बाजूने वाहते. १८४३ मध्ये जनकोजीराव गेले, जयाजीराव दत्तक आले, त्याच वर्षाच्या शेवटी महाराजपूर आणि पनियारला ग्वाल्हेरची फौज इंग्रजांकडून हरली. तुम्ही उत्तरेला परत गेलात ते सत्तेसाठी नव्हे. ते वय आता राहिलं नव्हतं.

आणि १८५८. इथे माझं मन तुमच्याशी भांडतं. जूनमध्ये झाशीची राणी आणि तात्या टोपे ग्वाल्हेरला आले. जयाजीराव आग्र्याला पळाले. तुम्ही राजघराण्यातल्या बायकांना घेऊन नरवरला निघून गेलात. बंडवाल्यांनी तुम्हाला पत्रं पाठवली होती. दख्खनच्या लढाईत वेलस्लीसमोर भाला घेऊन उभी राहिलेली बाई आपल्याकडे येईल, असं त्यांना वाटलं असणार. तुम्ही आला नाहीत. तीन आठवड्यांच्या आत कोटा-की-सरायजवळ लक्ष्मीबाई पडली. तिच्याही पाठीशी दत्तक मूल होतं, पण कंपनीने ते दत्तक नाकारून तिचं राज्यच घेतलं होतं.

मी माझ्या वर्गात असते तर मुलींनी मला विचारलं असतं, बाई, त्या का गेल्या नाहीत? मी काय उत्तर दिलं असतं ते सांगते. तुमचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर होतं. तुम्ही असई पाहिली होती. शंभर तोफांची, दहा हजार कवायती पायदळाची फौज एका दुपारी नदीकाठी मोडताना पाहिली होती. लेकीला पावसात घेऊन फिरल्याचं काय होतं ते पाहिलं होतं. आता हातात सुना आणि नातसुना होत्या. तुम्ही त्यांना आधी वाचवलंत. मला राग येतो, आणि त्याच वेळी तुमच्या जागी मीही तेच केलं असतं, असंही वाटतं. दोन्ही खरं आहे. लक्ष्मीबाईचा पुतळा प्रत्येक गावात आहे आणि असावाच. तुमचा कुठे नसेल तरी चालेल. पण असईच्या धड्यात तुमचं नाव नसावं, हे मला मान्य नाही. १८६३ साली तुम्ही ग्वाल्हेरला गेलात. असईपासून साठ वर्षं.

गेल्या सप्टेंबरात मी गावातल्या बचत गटाच्या बायकांना असईला घेऊन गेले. चौदा जणी होत्या. दोन टेंपोत बसून, भाकरी-पिठलं बांधून. मुलांना जिथे उभं करायचे तिथेच त्यांना उभं केलं. केळना दाखवली, जुई दाखवली, पिंपळगाव-वरूडच्या उताराची गोष्ट सांगितली. मग तुमची सांगितली. कागल, पुणं, भाला, कडेवरचं लेकरू. शिक्क्याचं सांगितलं तेव्हा दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांची नावं अजून सातबाऱ्यावर नाहीत, मला ठाऊक आहे.

एक म्हातारी, सत्तरी ओलांडलेली, सगळ्यात मागे उकिडवी बसली होती. तिने तोंडावरचा पदर बाजूला केला आणि मला विचारलं, ‘‘बाई, मंग लढाईच्या दिवशी त्या माउलीनं लेकराला पाणी कुठं पाजलं आसल?’’

मला बोलता येईना. मी केळनेकडे बोट केलं.

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवत उताराने खाली गेली, ओंजळीत पाणी घेतलं आणि काठावरच्या मातीवर सोडलं. मग बाकीच्या तेरा जणीही खाली उतरल्या.

आपली नम्र,
भोकरदनची एक लेक